खुराड्यातली कॅसेट

॥ श्री महावीराय नमः ॥

पुणे,
१२ नोव्हेंबर १९९५

सौ. डिंपलताईस, मु. घोडेगाव,
प्रितमचा सा. न. वि. वि.

तू पाठवलेला चिवडा आमच्या खोलीत एक संध्याकाळसुद्धा टिकला नाही. आमच्या म्हणजे माझ्या, सूरजच्या आणि आदेशच्या. सूरज तुमच्या शिनोलीचा, तो ड्रम वाजवतो. आदेशची गिटार, आणि मी गातो. तू त्याला ओरडणं म्हणतेस, म्हण बापडी. मराठीत हेवी मेटल कुणी केल्याचं निदान आमच्या तरी ऐकण्यात नाही. बँडचं नाव ‘कातळ’ ठेवलंय.

पण वाजवायला जागा नाही. पुण्यात कुठेही सुरुवात केली की शेजारी दार ठोकतात. म्हणून दिवाळीत सूरजला ड्रमसकट जुन्नरला नेलं आणि पप्पांकडे मागचं गोदाम मागितलं. धान्याचा धंदा कमी केल्यापासून ते रिकामंच आहे, भिंतीही जाड. पप्पांनी ड्रमकडे पाहिलं, सूरजकडे पाहिलं आणि म्हणाले, की हे आपल्या छपराखाली येणार नाही. कारण सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. सूरज पायरीवरूनच परतला, पाणीसुद्धा प्याला नाही. शेतकऱ्याचा पोरगा आपल्याकडे चालत नाही, असंच त्याला वाटलं असणार. मलाही तसंच वाटतं, ताई, आणि त्याची लाज वाटते.

भाऊजींना नमस्कार. माझ्यावरचा राग दोन दिवसांत ओसरू दे, लोभ मात्र ठेव.

तुझा,
प्रितम

॥ श्री ॥

घोडेगाव,
२९ सप्टेंबर १९९६

चि. प्रितम यास ताईचा जय जिनेंद्र व अनेक आशीर्वाद.

कॅसेट मिळाली. दारं-खिडक्या लावून ऐकली. तुझे भाऊजी दुकानातून धावत आले, त्यांना वाटलं मिक्सर बिघडला. मी मात्र दोन्ही बाजू ऐकल्या. तिसऱ्या गाण्यात तू एकदम हळू गातोस ना, तिथे मला रडू आलं. का, ते सांगता येत नाही.

पण राजा, कॅसेटचं नाव ‘खुराडं’ कशाला? सूरजच्या मामांच्या पोल्ट्रीत, एक खेप विकली गेली की नवी पिल्लं येईपर्यंत तुम्ही वाजवता, हे कुणीतरी पप्पांच्या कानावर घातलंय. आपल्या घरचा मुलगा कोंबड्यांच्या शेडमध्ये उभा राहतो म्हटल्यावर त्यांचं काय झालं असेल, तूच विचार कर.  आई सांगत होती, की तेव्हापासून त्यांनी आयंबिल धरलंय. दिवसातून एकदा, तेल-तूप-मीठ नसलेलं जेवण. कशासाठी, असं आईनं विचारलं तर पोट बरं नाही म्हणाले. पोट चांगलं ठणठणीत आहे रे त्यांचं.

त्यांना आवाजाचाच तिटकारा असावा. माझ्या लग्नात नाही का, सनई मांडवात आणि ढोलवाला मात्र रस्त्यावर उभा. सासूबाई अजून ऐकवतात. तू एकदा ये. संवत्सरीला छापील कार्ड पाठवून मिच्छामि दुक्कडम् म्हणून क्षमा मागितली की भागत नाही.

येशील या आशेवर आहे. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
ताई

पुणे,
७ मार्च १९९९

सौ. ताईस सा. न. वि. वि.

‘कातळ’ संपला. भांडण वगैरे काही नाही. मामांनी पोल्ट्री वाढवली, आता शेड रिकामी राहतच नाही. जागा गेली तसं एकत्र बसणंही गेलं. मंचरला गणपतीत शेवटचं वाजवलं, तेव्हा लोकांनी सिनेमातली गाणी मागितली. आदेश मस्कतला नोकरीला गेला. सूरजचे वडील अंथरुणाला खिळलेत, म्हणून तो शिनोलीला शेती बघतो. ड्रम गोठ्याच्या माळ्यावर टाकलेत म्हणे. मी कॉम्प्युटरच्या ऑफिसात लागलोय, पगार बरा आहे.

दुसऱ्या कॅसेटची सगळी गाणी बसवून झाली होती. एक गोदाम मिळालं असतं तर ती निघाली असती. हे मी पप्पांना कधी म्हणणार नाही, पण विसरणारही नाही.

तू तरी मला विसरू नकोस.

तुझा,
प्रितम

॥ श्री ॥

घोडेगाव,
३ सप्टेंबर २००६

चि. प्रितम यास ताईचे आशीर्वाद.

फोनवर हे माझ्याच्यानं सांगवलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

पर्युषणानंतर पप्पा आमच्याकडे आले होते. सूरज बहिणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आमच्या दुकानात आला. पप्पांनी त्याला ओळखलं, जवळ बसवलं आणि चहा मागवला. आजकालची पोरं कॉम्प्युटरवर तुमची कॅसेट शोधून ऐकतात, मराठीतलं हे पहिलंच हेवी मेटल, असं लिहितात, हे तू मला सांगितलंस तेच त्यानंही सांगितलं. पप्पांना आता कमी ऐकू येतं, त्यामुळे सूरज मोठ्यानं बोलत होता. मग पप्पांनी त्याला विचारलं, की बाबा, राग मानू नको, पण तुझ्या त्या ढोलाला कातडं कुठल्या जनावराचं?

 सूरज म्हणाला, की काका, कातडं न्हाई वो त्याला, पयल्यापासनं प्लास्टिकच हाय, समदे ड्रम आता तसलेच असत्यात.

प्रितम, त्यांच्या मनात एवढंच होतं. आपल्या घरात चामड्याचा पट्टा नाही, पाकीट नाही, हे मुलाला ठाऊकच आहे, मग वेगळं काय सांगायचं, असं त्यांनी धरलं. सूरजबद्दल त्यांच्या मनात कधीच काही नव्हतं. लग्नातला ढोलवालाही कातड्यापायीच बाहेर उभा राहिला. आणि ते आयंबिल तुझ्यासाठीच होतं. ढोल नाकारून मीच पोराला कोंबड्यांत पाठवला, असं त्यांनी परवा आईला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ते हट्टानं शिनोलीला गेले. सूरजनं ड्रम माळ्यावरून उतरवले. पप्पांनी त्यावर तळहात ठेवला, नखानं वाजवून पाहिलं. सूरजला म्हणाले, की त्या दिवशी तू पाणी न पिता गेलास, ते मी पाहिलं होतं.

आता तू काय करायचं ते तूच ठरव. मी सांगणार नाही.

जीव लावलाय तसाच लाव.

तुझी,
ताई

पुणे,
१० सप्टेंबर २००६

सौ. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि जिन्यात जाऊन बसलो. मी कंबरेला कापडी पट्टा बांधून लहानाचा मोठा झालो, तरी माझ्या डोक्यात हे आलं नाही. ड्रमला प्लास्टिक असतं हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. एकदा का म्हणून विचारलं असतं तर पप्पांनी सांगितलं असतं, आणि गोदाम उघडलं असतं. मी सगळा राग गाण्यांत घातला. लोक म्हणतात त्यामुळेच ती कॅसेट एवढी भारी झाली. मला ती आता ऐकवत नाही.

आदेशला फोन केला. त्यानं गिटार केव्हाच देऊन टाकलीय. सूरजचा खांदा ट्रॅक्टरवरून पडल्यापासून वर जात नाही. आता काय वाजवणार, आणि कुणासाठी?

पप्पांना काय लिहू ते सुचत नाही. तू सांभाळून घे.

तुझा,
प्रितम

॥ श्री महावीराय नमः ॥

जुन्नर,
१८ सप्टेंबर २००६

चि. प्रितम यास शांतीलालचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी आई बरी आहे. डिंपलकडून सर्व समजले. गोदाम झाडून घेतले आहे. विजेची तार जुनी होती, ती बदलली. आपल्या सावळेराम गड्याने दोन दिवस राबून भिंतीला चुना दिला. सूरजचा ढोल परवा टेम्पोने आला, तो मीच आत ठेवून घेतला.

एक मित्र परदेशात आहे आणि सूरजचा खांदा दुखावला आहे, हे कळले. जे येतील त्यांना घेऊन ये. पाणी भरून ठेवले आहे, सूरजने आता प्यायलाच हवे.

शेजारी कोणी काही बोलणार नाही, मी सांगून ठेवले आहे. मला आता जवळ बसूनच थोडेसे ऐकू येते. म्हणून आवाज लहान करू नका.

तुझे वडील,
शांतीलाल