अर्ध्या तासाच्या तहकुबीत हुकलेले प्रमाणपत्र

दिनांक : ४ सप्टेंबर २०२३

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
सभा व समारंभ व्यावसायिक प्रशिक्षण कक्ष,
बीड.

विषय : वेळेवर उशिरा आलेल्या नऊ मंडपवाल्यांना प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कक्षाचे ‘बदलत्या काळातील सभा व आयोजक’ हे प्रशिक्षण, दि. २८ ऑगस्ट २०२३, वेळ सकाळी ११.

महोदय,

मी खाली सही करणार उत्तरेश्वर सटवा हांगे, मु. पो. नांदूरघाट, ता. केज. मंडप, बिछायत व साऊंडचा माझा बावीस वर्षांचा व्यवसाय आहे. यंदा ऑगस्ट कोरडा गेला. लोकांनी पुढच्या लग्नांच्या तारखा धरणेच सोडले आहे. माझ्या चारशे खुर्च्यांना आता काम उरले ते सहकारी संस्थांच्या वार्षिक सभांचे, आणि त्या सर्व याच महिन्यात उरकायच्या असतात. अशात आपले पत्र निघाले की, यापुढे संस्थांनी प्रमाणपत्रधारक आयोजकांनाच काम द्यावे. सबब हा अर्ज तातडीचा समजावा.

२. प्रशिक्षणाच्या दिवशी आम्ही नऊही जण साडेदहालाच हजर होतो. मी स्वतः माईक तपासून दिला. त्यानंतर आम्ही समोरच्या हॉटेलात चहाला गेलो, कारण अकराची सभा अकराला होत नसते. प्रत्येक संस्थेच्या नोटिशीत खाली छापलेले असते की, गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेतली जाईल व तिला गणपूर्तीची गरज राहणार नाही. बावीस वर्षांत अकराला सुरू झालेली सभा मी पाहिलेली नाही. सभासदही साडेअकराच धरून घरून निघतात. त्यामुळे आम्ही साडेअकराला, म्हणजे आमच्या हिशोबाने अगदी ठोक्याला, आत आलो.

३. तोवर शिकवायला पुण्याहून आलेल्या मॅडमनी रिकाम्या खुर्च्यांना नमस्कार करून, स्वतःची ओळख करून देऊन, हजेरीपट ‘उपस्थिती निरंक’ असा शेरा मारून बंद केला होता. तरीही त्यांनी आम्हांला बसू दिले व पाच वाजेपर्यंत मनापासून शिकवले, याबद्दल तक्रार नाही. तक्रार एवढीच की, कागदोपत्री त्यांनी दिवसभर शून्य माणसांना शिकवले. जेवणाची ताटे मात्र नऊ उठली.

४. नियमाने पाहता पहिले प्रशिक्षण गणपूर्तीअभावी आपोआप तहकूब झाले व आम्ही कायदेशीर, म्हणजे दुसऱ्या प्रशिक्षणाला वेळेत हजर होतो, असे माझे नम्र म्हणणे आहे.

५. आम्ही शिकलो की नाही अशी शंका असल्यास, शिकलो ते असे : पाच वर्षांत मंडप राहणार नाही, सभासद घरून मोबाईलवर सभेला बसतील, आयोजकाने पडद्यावर नावे सांभाळायची. मॅडमनी विचारले, पाच वर्षांनी तुमचा धंदा कुठे असेल? त्यावर आमच्यातले सिरसाळ्याचे बंकट म्हणाले, “पाऊस कुठं आसंल ते आदी सांगा, मॅडम. मंग धंद्याचं बगू.” सगळे हसले. मला हसू आले नाही. त्या दिवसापासून माझे मन थाऱ्यावर नाही, आणि त्याचे कारण धंदा बुडण्याची भीती एवढेच नाही.

६. मॅडमनी एक बटण दाखवले. ते दाबले की बोलणाऱ्याचा आवाज बंद होतो व त्याचे ओठ तेवढे हलताना दिसतात. सभा सुरळीत चालावी म्हणून हे बटण आयोजकाच्या हाती असते. बाकीच्यांना नवल वाटले. मला वाटले नाही, कारण हे काम मी आधीपासून करीत आलो आहे.

७. आमच्या भागातील एका दूध संस्थेत (नाव येथे मुद्दाम देत नाही) साखराबाई नावाच्या विधवा सभासद आहेत. २०१९ च्या दुष्काळात संस्थेने सभासदांच्या जनावरांसाठी चारा आणला. यादीत साखराबाईंचे नाव होते, पण त्यांच्या दारी पेंढीसुद्धा पोचली नाही, व दोन्ही गाई त्यांना बाजार दाखवाव्या लागल्या. तेव्हापासून त्या सभेत उभ्या राहून एकच विचारतात, “माज्या नावाचा चारा कुनाच्या दावणीला गेला, तेवढं सांगा.” हे वाक्य कधीच पुरे झालेले नाही. चेअरमन साहेब टोपी काढून गुडघ्यावर ठेवतात, ती मला खूण असते. मी माईकच्या आवाजाचे बटण खाली ओढतो, मशिनीत बिघाड झाल्याचे हाताने दाखवतो, आणि पुढच्या रांगेतून ‘मंजूर, मंजूर’ सुरू होते.

८. गेल्या सभेनंतर मी सतरंज्या गुंडाळत असता त्या जवळ आल्या व म्हणाल्या, “उत्तरेश्वरा, तुजं मशीन माज्याच टायमाला कावून बिगडतंय रे? दुरुस्त करून घे बाबा. लई चांगलं मशीन हाय तुजं.” त्यांना माझा संशय नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले, पण मी मान हलवून सतरंज्या उचलल्या.

९. त्या संस्थेची सभा २५ सप्टेंबरला आहे. प्रमाणपत्राअभावी ते काम दुसऱ्याकडे जाईल, आणि टोपीची खूण कोणालाही शिकवता येते. प्रमाणपत्र मिळाल्यास बटण माझ्या हाती राहील व टोपी निघाली तरी ते खाली जाणार नाही. हे लिहून दिल्यावर चेअरमन साहेब मला पुन्हा बोलावतील की नाही, याची मला कल्पना आहे. तरी लिहिले आहे. माझ्या मशिनीत बिघाड कधीच नव्हता.

तरी २५ तारखेपूर्वी निर्णय व्हावा. आपल्या उत्तराची आणि पावसाची वाट पाहणारा,

आपला नम्र,
उत्तरेश्वर सटवा हांगे
(सही)

सोबत :
१) नऊ मंडपवाल्यांच्या सह्या (कड्याच्या धुळाजींचा अंगठा)
२) त्या दिवशीच्या चहाची पावती, वेळ ११.०५

प्रत माहितीसाठी :
श्रीमती साखराबाई. त्यांना वाचता येत नसल्याने मी उद्या सकाळी स्वतः जाऊन वाचून दाखवणार आहे.