शेवटची खुर्ची

टोरोंटो, ६ मार्च १९९४

ती. अल्मिडाताई हिस,
धाकट्या लुसिंडाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. सोबतची मेपलच्या साखरेची वडी दारातल्या दारातच संपली. आईला सांगू नकोस, ती म्हणेल शहरात जाऊन पोरगी अधाशी झाली.

वृद्धाश्रमातलं काम बरं चाललंय. आमच्या मोठ्या बाईंनी एक नवं खूळ काढलंय. आम्हा मदतनिसांना आत्मसन्मानाच्या वर्गाला बसवलंय. शिकवणारी बाई म्हणते, रोज सकाळी आरशासमोर उभं राहायचं, स्वतःच्या डोळ्यांत बघायचं आणि म्हणायचं, मी मोलाची आहे. असं चाळीस दिवस. ताई, मला हसू आवरेना. आपल्या साध्या राहणीच्या पंथात आरसा म्हणजे बाबा होते तेव्हा त्यांच्या दाढीपुरता, तोही इतका उंच टांगलेला की आपल्याला त्यात फार तर कपाळ दिसायचं.

पण खोटं कशाला बोलू, मी रोज म्हणते आणि बरंही वाटतं. तू आता डोक्याला हात लावशील. पण तुझ्या पत्राखाली पुन्हा 'या पामर बहिणीचं वेडंवाकडं अक्षर गोड मानून घे' आहेच. बाई गं, तुझं अक्षर मोत्यासारखं. चांगल्याला चांगलं म्हटलं तर कुठलं आभाळ कोसळणार आहे?

आईला आणि अ‍ॅम्सीदादाला आठवण सांग. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
लुसिंडा


एल्मायरा, १५ मार्च १९९४

चि. लुसिंडा हिस,
अ. आ. प्रभू तुला सांभाळो.

पत्र मिळालं. आरशाचं वाचून आई खूप हसली. अ‍ॅम्सी दिवसभर मेपलचा रस उकळत असतो, त्यामुळे घरभर गोड वाफ आहे.

तुझ्या आरशासमोरच्या वाक्यातला पहिला शब्द आहे ना, तो म्हणजे सैतानाचं बसायचं स्टूल, असं इनॉस उपदेशक पंधरवड्यापूर्वी चर्चच्या मंडळीत म्हणाले. ते मनाला लागलं. म्हणून इकडेही एक नेम धरलाय. एप्रिलातल्या प्रभुभोजनाच्या विधीपर्यंत तो शब्द तोंडात आणायचा नाही, कागदावर नाही, प्रार्थनेतही नाही. हे पत्र चाळून बघ, सापडायचा नाही.

पहिले दिवस फजितीचे गेले. दुकानात नुसतं 'पीठ हवंय' म्हटलं की दुकानदार विचारायचा, कुणाला हवंय. आता तो विचारत नाही. अंडी काढताना कोंबड्या पंखही फुलवत नाहीत. हात पोटाखाली जातो, अंडं निघतं आणि कोंबडी डोळेसुद्धा उघडत नाही. कुत्रा अंगणात आडवा पडलेला असतो, तो मान वर करत नाही. काल आईने जेवायला दोनच ताटल्या मांडल्या, तिची आणि अ‍ॅम्सीची. तिसरी फळीवरून या हातांनीच गुपचूप काढून घेतली.

आपली कुणाला अडचण होत नाही, याहून शांत काय असेल? प्रार्थना ऐकली जाते आहे.

लोभ आहे तसा राहू दे.

तुझी
एक बहीण


टोरोंटो, २४ मार्च १९९४

ती. ताई हिस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून अंगावर काटा आला. ताटलीचं तू आईला का सांगितलं नाहीस? दुसऱ्या कुठल्या गावात असं झालं असतं तर त्या बाईने घर डोक्यावर घेतलं असतं. तू मात्र देवाचे आभार मानत बसलीस. आणि तुझी शाई इतकी फिकी का? शेवटच्या ओळी मी खिडकीशी धरून वाचल्या.

राग येईल, पण बोलते. प्रभुभोजनाच्या दिवशी बायका जोडीजोडीने एकमेकींचे पाय धुतात, ते मी बाहेरच्या बाकावरून लहानपणापासून बघत आले. गेली कित्येक वर्षं गंगाळं आणि टॉवेल वाहण्याचं काम तू अंगावर घेतेस. शेवटपर्यंत तुझी धावपळ चालते आणि खुर्चीवर बसायची पाळी तुझ्यावर येतच नाही. सगळ्या म्हणतात, अल्मिडा किती नम्र. मी इथे रोज म्हाताऱ्यांचे पाय धुते. धुणाऱ्याला काही वाटत नाही गं, पाय पुढे करताना ती माणसं लाजेने मान फिरवतात. तू ती लाज चुकवते आहेस. याला मी गर्वच म्हणेन.

माझंही ऐक. रोज आरशाला सांगते मोलाची आहे म्हणून, आणि आरसा माझंच बोलणं मला परत देतो. दुसऱ्या कुणी म्हटल्यासारखं होत नाही.

हा नेम सोड. रागावलीस तरी लोभ तोडू नकोस.

तुझी
लुसिंडा


एल्मायरा, ११ एप्रिल १९९४

चि. लुसिंडा हिस,
अ. आ.

तुझं पत्र झोंबलं, कारण ते खरं आहे. ते कौतुक गोड लागायचं आणि पाय ओले न करता मिळायचं.

काल प्रभुभोजनाआधीची सलोख्याची सभा झाली. चर्चच्या डीकनने बाकावरच्या एकेकीला विचारलं, देवाशी आणि माणसांशी सलोखा आहे ना. इथली पाळी आली तेव्हा त्याने पलीकडच्या सुझॅनाला विचारलं. सुझॅनाला उकडत होतं. तिने शाल काढली, नीट घडी घातली आणि शेजारी ठेवली, ती या मांडीवर.

तुझं पत्र आईने मोठ्याने वाचलं. वाचता वाचता थांबून तिने अ‍ॅम्सीला विचारलं, ही ताई कोण. मग स्वतःच हसली, वय झालं म्हणाली. अ‍ॅम्सीनेही खांदे उडवले.

भीती वाटते. कुणाला वाटते, ते लिहिता येत नाही. नेम सोडायचा ठरवून गोठ्यात जाऊन तो शब्द म्हणायचा प्रयत्न केला. ओठ मिटतात आणि पुढे काही येत नाही.

लोभ असू दे.


टोरोंटो, १८ एप्रिल १९९४

ती. अल्मिडाताई बाउमन हिस,
सा. न. वि. वि.

वृद्धाश्रमात तापाची साथ आहे, आम्हाला कुणालाच बाहेर सोडत नाहीत, नाहीतर पळत आले असते. गावच्या दुकानात फोन करून अल्मिडाला निरोप द्या म्हटलं. दुकानदार म्हणाला, बाउमनांकडे एकच मुलगी होती, ती शहरात गेली. मी फोन ठेवला आणि रडले.

ताई, रविवारी गंगाळाला हात लावू नकोस. खुर्चीवर बस आणि पाय धुवा म्हणून माग. तू मला हवी आहेस, नम्र असलीस नसलीस तरी.

लोभ सगळा तुझ्यावर.

तुझी
लुसिंडा


एल्मायरा, २६ एप्रिल १९९४

चि. लुसिंडा हिस,
अ. आ.

घडलं त्या क्रमाने सांगते, म्हणजे तो शब्द कुठे आला ते तुला दिसेल.

बायकांच्या खोलीत शेवटच्या खुर्चीवर बसणं झालं. बूट-मोजे काढले. जोड्या लागल्या, समोर कुणी आलं नाही. सगळ्यांचं आटोपल्यावर सुझॅना खुर्च्या आवरत आली. तिने हीही खुर्ची ओढली, दोनदा ओढली आणि म्हणाली, ही मेली एवढी जड का लागतेय.

ओठ मिटले. किती वेळ मिटलेले होते कोण जाणे. मग उघडले. मी अल्मिडा, असं म्हटलं. माझे पाय कुणीतरी धुवा. लुसिंडा, इतक्या वर्षांच्या नम्रतेत मला एवढी लाज कधी वाटली नव्हती.

बायका इकडेतिकडे बघू लागल्या. कुणाचीच नजर माझ्यावर येईना. तेवढ्यात आई उठली. तिचे गुडघे तुला माहीत आहेत. ती धरून धरून खाली बसली, गंगाळ पुढे ओढलं आणि पडलेली सुई शोधावी तशी जमिनीवर हात फिरवू लागली. बघत होती माझ्या मागच्या भिंतीकडे. हात आधी खुर्चीच्या पायाला लागला, मग माझ्या घोट्याला, आणि तिथेच थांबला. तिने मान वर केली.

म्हणाली, किती गार पडलेत गं पाय, कधीची बसली आहेस?

बाकी भेटीत सांगेन. लोभ असू दे. मला तो हवा आहे.

तुझी ताई
अल्मिडा