रंगाचा हात नको

आये, आपल्या गणपतीच्या कारखान्यात रंगाच्या डब्यांमागच्या खोक्यात मांजरीनं तीन पिल्लं घातली. परवा ती हायवे ओलांडायला गेली आणि गाडीखाली आली. पिल्लं जेमतेम महिन्याची. मांदेलीचे काटे काढून भातात कुस्करून दिली की चाटतात, पण पाण्याला तोंड लावत नाहीत. या उन्हात पाण्याशिवाय कशी जगायची? मी वाटीभर पाण्यात एकाचं तोंड बुडवलं, तर ते शिंकत खोक्यात पळालं. सून म्हणाली, "आई, पाणी पाजताय की विसर्जन करताय?"

मग तुझी चहाची बशी काढली. उथळ पाणी, त्यात ओलं केलेलं बोट पिल्लाच्या ओठाशी धरायचं, ते चाटू लागलं की हळूहळू बशीत न्यायचं, हे तुझं मी परकरात होते तेव्हापासून बघत आले. पण छे! पिल्लू बोट हुंगतं आणि तोंड फिरवतं. दुपारी बारकं मान टाकून पडलं. आणि माझ्या परकराच्या दिवसांतली तू डोळ्यांपुढे दिसलीस. तू डोळ्यांच्या आखणीला बसलीयेस, उजव्या हातात ब्रश, गणपतीचा एक डोळा उघडलेला, एक राहिलेला, आणि डाव्या हाताचं बोट खाली पिल्लापुढे. मीही माझं बोट पुढे करते, तर तू खेकसतेस, "रंगाचा हात नको गो! त्याला वास येतो. डावा साफ ठेवायचा, तो या पिल्लांचा हाय."

माझे तर दोन्ही हात रंगाचे. डावा बेसनानं खसाखसा घासला, धुतला, मांदेलीच्या भातात फिरवला आणि बोट परत बशीत धरलं. आये, काय सांगू तुला! ती एवढीशी गुलाबी जीभ बोटावरून पाण्यावर घसरली, थबकली, आणि लपलप सुरू! भोवती डोळे न उघडलेले एवढे गणपती, आणि मधे हा मुठीएवढा जीव आपला आपण पाणी प्यायला शिकत होता. सून काम टाकून उभी राहिली, "अगो बाई" एवढंच म्हणाली. बाकीची दोघं त्याचं बघून आपणच आली.

तू गेल्यावर हे तुला कुठल्या पत्त्यावर कळवू? कागद ब्रशांच्या डब्यात ठेवते. एक मात्र सांगते. सुनेनं जेवायला हाक मारली तेव्हा म्हटलं, बारकं अजून पितंय. खरं तर तिघंही कधीच झोपली होती. पाण्यातलं माझं ते बोट तुझ्या बोटासारखं दिसत होतं, म्हणून काढवेना.