हिच्यासाठी घेतलेली गाडी

मनवेलपाडा, विरार (पूर्व)
१८ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोन केला असता, पण आमच्याकडे फोन स्पीकरवर ठेवूनच बोलायची पद्धत आहे; आपल्या बोलण्यात मध्येच मत द्यायला मिळालं नाही तर आमच्या लेकीला, उन्नतीला, रेंज गेल्यासारखं वाटतं. घरच्या ग्रुपवर लिहावं, तर ज्यांच्याबद्दल लिहायचं तेच पहिला अंगठा दाखवतात. म्हणून पोस्टात जाऊन पाकीट आणलं. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, रजिस्टर करायचंय का, कोर्टाचं आहे का. म्हटलं, नवऱ्याचं आहे.

विषय गाडीचा. जुनी सोळा वर्षांची झाली, दसऱ्याला नवी घ्यायची ठरलं. रंगावर पाच मिनिटांत एकमत झालं तेव्हाच मी घाबरले होते, की पुढे काहीतरी मोठं येतंय. ते आलं. ह्यांना ऑटोमॅटिक हवी. आणि का, तर मीरासाठी! मीराला क्लच जमत नाही, मीराचे गुडघे, मीरा ट्रॅफिकमध्ये दमते. सोसायटीच्या गेटवर हेच, किराण्याच्या दुकानात हेच, शोरूममध्ये त्या टायवाल्या पियुषसमोरही हेच. तो लगेच म्हणाला, बरेच जण मॅडमसाठी ऑटोमॅटिकच नेतात. मॅडमनी एकोणिसाव्या वर्षी केळीच्या घडांनी भरलेला टेम्पो बाजारात नेला होता, हे त्या टायला कोण सांगणार? लग्नानंतर स्टिअरिंग हाती आलं ते ह्यांना ताप असेल तेव्हाच, म्हणून काय हात विसरतात?

मला गिअरचीच हवी. गणपतीला आम्ही येऊ तेव्हा तू सगळ्यांदेखत सांग. तुझं हे ऐकतात, म्हणजे तुझ्या जिभेला भितात.

वहिनीला नमस्कार. लोभ आहे तेवढा पुरे, फक्त या वेळी त्याला जरा कामाला लाव.

तुझी,
मीरा

*

गिरीज
२३ ऑगस्ट २०२५

चि. सौ. मीरास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोस्टमनने दोन्ही हातांनी दिलं. गेली काही वर्षं त्याने मला नोटिशीखेरीज काही आणलेलं नाही, त्यालाच गहिवरून आलं. वाऱ्याने वाडीतल्या चार केळी आडव्या केल्या, बाकी क्षेम.

जावईबापूंना तुझ्या गुडघ्यांचा पुळका यावा, हे वाचून मी चष्मा पुसला. टँकर येतो तेव्हा चौथ्या मजल्यावर बादल्या चढवताना ते गुडघे कुणाला आठवत नाहीत. क्लच दाबतानाच बरे आठवतात. माझा हात प्लास्टरमध्ये होता त्या हंगामात तू टेम्पो उलटा घेऊन अरुंद गल्लीतून काढलास, तेव्हा शेजारच्या रिचर्डच्या बापाने आधी क्रुसाची खूण केली आणि मग रिचर्डला सांगितलं, हिच्याकडून शीक. तो रिचर्ड आज मोटार ट्रेनिंग स्कूल चालवतो आणि लोकांकडून फी घेतो. तुला त्यातला नारळसुद्धा मिळाला नाही, ते सोड.

गणपतीला या. पंक्तीत बघतो त्यांच्याकडे.

लोभ कमी-जास्त होत असतो, केळीच्या भावासारखा. आमचा सध्या तेजीत आहे.

तुझा,
नरहरी

*

मनवेलपाडा, विरार (पूर्व)
३ सप्टेंबर २०२५

रा. रा. नरहरीराव यांस,
सा. न. वि. वि.

गणपतीच्या जेवणात आपण मजविषयी जे उद्गार काढलेत, त्याची नोंद घेतली आहे. ज्याला गिअर टाकायचा कंटाळा त्याने पालखी करावी, असं आपण म्हणालात. सगळे हसले, मीही हसलो. मोदक मात्र एकच खाल्ला, साखरेमुळे.

त्या साखरेविषयीच लिहायचं आहे. अकरा वर्षं झाली. गेल्या दिवाळीपासून माझ्या डाव्या पायाला कळत नाही. दुखत नाही, दुखलं असतं तर बरं होतं. क्लच किती दाबला आहे, हे मला गाडी हलल्यावर समजतं. जुलैत उड्डाणपुलाच्या चढावर गाडी थांबली होती. मला वाटलं क्लच अर्धा वर आलाय, म्हणून ब्रेकवरचा पाय काढला. क्लच तळाला होता. गाडी मागे गेली ती रिक्षावर आदळली. रिक्षात एक बाई होती, तिच्या मांडीवर तान्हं मूल. कुणाला काही झालं नाही. रिक्षावाल्याने शिव्या दिल्या, त्या मी मन लावून ऐकल्या. घरी सांगितलं, त्यानेच मागून ठोकलं.

ऑटोमॅटिकला डावा पाय लागतच नाही. उजवा ठणठणीत आहे. म्हणजे प्रश्न सुटतो. मीराचं नाव पुढे केलं ही माझी चूक, पण शोरूममध्ये पुरुषाने स्वतःसाठी ऑटोमॅटिक मागितली की समोरचा आधी त्याच्या केसांकडे बघतो आणि मग पायांकडे.

आपण म्हणाल, गाडी सोडून द्या. आमच्या वडिलांनी सोडली होती. आधी गाडी गेली, मग बँकेचं काम गेलं, मग भाजी कुठली आणायची हेसुद्धा त्यांना कुणी विचारेना. मी छप्पन्न वर्षांचा आहे, नरहरीराव. मला इतक्यात मागच्या सीटवर बसायचं नाही.

मीराला कळता कामा नये. आपल्या वाडीतल्या देवीची शपथ घालतो. तिला ऑटोमॅटिकसाठी आपण तयार करावं.

लोभ असेल तर तूर्त गुप्त असावा.

आपला,
श्रीरंग

*

गिरीज
८ सप्टेंबर २०२५

चि. सौ. मीरास,
अ. उ. आ.

गाडीविषयी मी फेरविचार केला. मत बदलण्याची सवलत काय फक्त निवडून आलेल्यांनाच आहे? ऑटोमॅटिक घ्या. नालासोपाऱ्याहून विरारला येताना एकदा दाबलेला क्लच सोडायची वेळच येत नाही. रिचर्डही म्हणतो, नवीन गाड्यांत ती चांगलीच असते. शिवाय आपल्याकडचे रस्ते पाहता एक हात गिअरवर ठेवण्यापेक्षा दोन्ही हात जोडलेले बरे.

श्रीरंगराव मनाने चांगले आहेत. त्यांचं एकदा ऐकलंस तर काही बिघडणार नाही. कालपासून पितृपक्ष लागलाय, तेव्हा बुकिंग आता घट बसल्यावरच होईल. तोवर मन तयार कर. जास्त विचारू नकोस.

लोभ आहेच, त्याला कारणं विचारू नयेत.

तुझा,
नरहरी

*

मनवेलपाडा, विरार (पूर्व)
१२ सप्टेंबर २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

दादा, तुझ्या पत्रात ह्यांची एकदाही खोडी नव्हती. मनाने चांगले आहेत, असं तू लिहिलंस! तिथेच मला कळलं, ह्यांनी तुला गाठलं. डावा पाय सांगितला ना?

मला दिवाळीपासून माहीत आहे. जिन्यात चप्पल निसटते आणि हे तसेच अनवाणी खाली जातात. मी मागून ती घेऊन जाते आणि म्हणते, विसरलात. हे म्हणतात, हो, विसरलो. आमचं असं छान चाललंय.

पण तुला त्यांनी अर्धंच सांगितलं असणार. मागच्या महिन्यात उन्नती भिंतीवर काहीतरी लावत होती, तिच्या हातून ड्रॉइंग पिन पडली. सापडली नाही. संध्याकाळभर हे घरात फिरले. फरशीवर लाल ठिपके दिसले म्हणून मी ह्यांचा पाय उचलून बघितला. पिन डोक्यापर्यंत टाचेत रुतली होती. मी ती उपटली, तर हे टीव्हीवरची नजर न काढता विचारतात, काय करतेस. उजवी टाच होती, दादा. ब्रेकचा पाय.

आता कळलं तुला, मला गिअरची का हवी? टेम्पोचा तोरा मी मिरवला तो खरा आहे, पण तेवढंच कारण नाही. जुनी गाडी ह्यांच्या सवयीची, ती सांभाळून घेते; नवी गिअरची गाडी ह्यांना नाही म्हणेल. दर चौकात बंद पडेल, मागचे हॉर्न वाजवतील, आठ दिवसांत वैतागून किल्ली माझ्याकडे फेकतील आणि मला तोंड उघडावं लागणार नाही. ऑटोमॅटिक कुणाला नाही म्हणत नाही. गुणी असते, कुणालाही घेऊन जाते.

सत्तावीस वर्षांत मी ह्या माणसाला काय काय बोलले, ते तुझ्यापेक्षा आमच्या शेजाऱ्यांना जास्त माहीत आहे. पण तुम्हाला आता हे जमणार नाही, एवढं काही जिभेवर येत नाही. तुला देवीची शपथ, ह्यांना यातलं काही कळू देऊ नकोस. फक्त गिअरची घ्यायला लाव.

लोभ ठेव. रागावलास तरी तो मागच्या दाराने ठेव.

तुझी,
मीरा

*

गिरीज
१६ सप्टेंबर २०२५

रा. रा. श्रीरंगराव व चि. सौ. मीरा यांस,
ज्याला जो लागू तो नमस्कार किंवा आशीर्वाद.

हे पत्र दोघांनी समोरासमोर बसून वाचायचं आहे. तुम्ही दोघांनी मला एकाच देवीची शपथ घातलीत. तिच्यापुढे मी आज नारळ फोडला आणि माफी मागितली.

श्रीरंगराव, डाव्या पायाचं मीराला दिवाळीपासून माहीत आहे. उजव्याचंही माहीत आहे, आणि उजवा ठणठणीत असल्याचं तुम्ही मला लिहिलं होतं. मीरा, जुलैत रिक्षावाल्याने ठोकलं नव्हतं. ह्यांचीच गाडी चढावरून मागे जाऊन रिक्षावर आदळली. आत बाई होती, मांडीवर तान्हं मूल होतं. तेव्हा गिअरची गाडी नाही म्हणते, हे डोक्यातून काढून टाक. ती नाही म्हणत नाही, मागे जाते.

कुठलीही घ्या. श्रीरंगरावांनी ती चालवायची नाही.

एवढं लिहायला मला चार कागद फाडावे लागले. माझ्या जिभेला गाव भितो म्हणे. ती व्यापाऱ्यांवर चालते, ग्रामसभेत चालते. घरच्या माणसावर चालवायची वेळ आली तर धार कुठे जाते देव जाणे. यापुढे काय करायचं ते मला सुचत नाही. तुम्हाला सुचलं तर कळवा, नाही सुचलं तरी कळवा.

लोभ राहिला तर आनंद आहे. नाही राहिला तर मला समजेल.

नरहरी

*

मनवेलपाडा, विरार (पूर्व)
२३ सप्टेंबर २०२५

रा. रा. नरहरीराव यांस,
न. वि. वि.

आपलं दि. १६ चं पत्र मिळालं. उन्नती घरी नसताना मीराने वाचलं, मी ऐकलं. त्यानंतर आम्ही दोघे दोन तास आपल्याविषयी बोललो. बऱ्याच वर्षांत आमचं इतकं एकमत झालं नव्हतं. शपथ मोडणाऱ्याला काय म्हणतात, त्याचे मीराने तीन शब्द सांगितले. तिन्ही आपल्या वाडीतले असल्याने मला नवीन होते.

मग बोलण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा तिने माझे दोन्ही पाय मांडीवर घेतले आणि बोटाने एकेक जागा दाबून विचारत गेली, इथे कळतं का. मी खरी उत्तरं दिली.

काल घट बसले. बुकिंग केलं. ऑटोमॅटिक. मी चालवणार नाही.

मग ऑटोमॅटिक कशाला, असं आपण विचाराल. गिअरची घेतली आणि मीरा चालवायला बसली, तर पहिल्याच दिवशी गेटवर विचारतील, श्रीरंगराव का चालवत नाहीत? ऑटोमॅटिकला कुणी काही विचारत नाही. हिच्यासाठी घेतली, हिला गिअर जमत नाही, म्हणून हीच चालवते. दोन महिने मी हेच सांगत आलो, सगळ्यांना पाठ झालंय. गाडी हातात राहावी म्हणून बोललो होतो, ते सोडताना कामी आलं.

मीराला विचारलं. ती शेंगा सोलत होती. सगळ्या सोलून झाल्यावर म्हणाली, चालेल. तिच्यावर अन्याय होतो हे मला कळतं. तेवढं अजून कळतं.

लोभ तूर्त स्थगित आहे. दिवाळीपर्यंत पूर्ववत व्हावा, अशी अपेक्षा आहे.

आपला,
श्रीरंग

*

मनवेलपाडा, विरार (पूर्व)
४ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

दसऱ्याला गाडी आली. पियुषने फोटोसाठी पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी ती माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, मॅडमची गाडी आहे. फोटोत आम्ही दोघे ती धरून उभे आहोत, जणू दोघांपैकी कुणालाच ती नकोय.

गाडी खरंच गुणी आहे. उड्डाणपूल कधी चढलो, कधी उतरलो कळलं नाही. माझा डावा पाय रिकामा, लग्नघरी काम न मिळालेल्या आत्येसारखा. आमच्या गेटपाशी आलो. वॉचमन दांडा वर करत होता, पाच-सहा जण उभे होते. वेग कमी करायचा म्हणून डावा पाय सवयीने क्लचवर गेला. तिथे क्लच कुठला? रुंद ब्रेक होता. गाडी अशी थांबली की झेंडूचा हार उडून वॉचमनच्या पायात पडला. सगळे हसले. तळमजल्यावरची मर्लिन म्हणाली, होईल हो सवय हळूहळू.

आणि हे उतरले. ताठ उतरले. सगळ्यांना म्हणाले, बघितलंत ना, म्हणून ऑटोमॅटिक घेतली, गिअरची असती तर आज ही भिंत नसती. लोक पुन्हा हसले, ह्यांनी वॉचमनला टाळी दिली. घरी आल्यावर श्रीखंड नको म्हणायची आठवण मला करून द्यावी लागली, इतके खुशीत होते. असं हसताना मी त्यांना वर्षभरात पाहिलं नव्हतं. पाय आता दोन्ही तसेच आहेत. डॉक्टर म्हणतात, आहे तेवढं राखायचं, गेलेलं परत येत नाही.

काल बाजारात गेलो. माझ्या पायाला एका दिवसात कळलं होतं, की त्याला काम नाही. जाताना-येताना एकदाही चुकला नाही. परत आलो तेव्हा गेटवर तीच मंडळी होती. हे शेजारी बसले होते. खिडकीची काच आधीच खाली घेऊन ठेवली होती.

मी डावा पाय उचलला आणि ब्रेक दाबला. चांगला जोरात.

वहिनीला नमस्कार. लोभ ठेव. उपाय सुचला तरी लिहू नकोस.

तुझी,
मीरा