आमचंच घर लाल कसं?

३ मार्च, सोमवार
पोलीसबाई येऊन गेल्या. वयाने लहान, बोलायला चोख. ठाण्यात एआय बसवलंय म्हणे. जुन्या तक्रारी, दवाखान्याचे कागद, मदतीचे फोन सगळं वाचतं आणि पुढची मारहाण कुठल्या घरात होणार ते सांगतं. नकाशावर आमचं घर लालभडक. हसूच आलं. देवाधर्माचं घर हे. सूनबाईचा हात मोडला होता, खरंय. पण तिची चालच धांदरट. मुलगा तापट आहे, वाईट नाही. चहा दिला, साखर बेताची.

५ मार्च
यंत्राला बेरीज येते, माणसं कळत नाहीत. लाल हवं ते खालच्या शिंप्याचं घर. नवरा-बायको दिवसभर एकमेकांवर खेकसतात. संकल्प: खरी माहिती पुरवून यंत्राला वळण लावायचं. मॅट्रिकला गणितात वर्गात दुसरी होते मी. मदतीच्या नंबरला फोन केला. फुकट लागतो, हे बरं.

८ मार्च
शिंप्याबद्दल आणखी फोन. बोलत असतानाच आमच्याकडे बशी फुटली, सूनबाई किंचाळली. फोनवरची बाई विचारते, आवाज कुठून? खालून, म्हटलं.
काचेच्या बशा बंद. स्टीलच्या आणल्या. फेकल्या तर पोचा येतो, फुटत नाहीत. तेवढीच बचत.

११ मार्च, दुपार
मुलाने दंड धरला, सूनबाई ओट्यावर आपटली. पुन्हा आपटली. कोपराच फार धारदार. मी पोथी मोठ्याने वाचायला घेतली. ओळी चुकत होत्या. फरशी गार पाण्याने पुसली, गरम पाण्याने रक्ताचा डाग बसतो. गवंड्याकडून कोपरा घासून घ्यायचा.

१२ मार्च
पोलीस गाडी घेऊनच आले. शिंप्याकडे न थांबता सरळ वर. खालचा मजला, मी सांगितलं. तर पोलीसबाई म्हणतात, फोन तुमच्या घरून येत होते, यंत्राने ते तुमच्याच पत्त्यावर धरले. मागची किंकाळीही ऐकली.
मुलाला बेड्या घालून नेलं. शिंप्याच्या बायकोने सूनबाईला धरून जिना उतरवला. डोक्याला पट्टी, हातात एक पिशवी. जाताना एवढंच म्हणाली, "आई, तुम्हीपण चला."
मी कशाला? माझं घर आहे.

१५ मार्च
मुलगा जामिनावर सुटला. फोन कोणी केले ते त्याला वकिलाने सांगितलं. कपाटाचं दार लाथेने निखळलं. बिजागऱ्या जुन्याच होत्या.

१६ मार्च, सायंकाळ
पोलीसबाई पुन्हा आल्या. सून गेली, आता घर हिरवं झालं असेल, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली.
"अजून लालच आहे, मावशी. आता घरात तुम्हीच उरलात."
सोबत चला म्हणाल्या. आईवर कोण हात उचलतं, यंत्र चुकलंय, असं सांगून वाटेला लावलं.
मुलगा आलाय. जिन्यावर बूट वाजताहेत. वारा फार सुटलाय, म्हणून स्वयंपाकघराला आतून कडी लावली आणि धान्याचा डबा दाराशी सरकवून बसले आहे.