पडद्यावरचे बाबा

प्रिय म्हणवत नाही, तरी बाबा,

तुमच्या माघारी तुमच्यावर निघालेला सिनेमा काल आईला दाखवला. तुमच्या दुसऱ्या बिऱ्हाडाचा त्यात उल्लेखही नाही. उलट, तापाने फणफणलेल्या मला मांडीवर घेऊन तुम्ही रात्रभर सूर जुळवताय! जन्मभर तोंड मिटून बसलेली आई खणखणीत आवाजात म्हणाली, "हा कोण गं? आपल्याकडे तर कधी आला नव्हता!" अख्खं थिएटर खो खो हसलं.

मग तुमची ती गाजलेली रचना सुरू झाली. "ही मात्र त्यांचीच हं," म्हणत पहिली टाळी आईनेच वाजवली. सगळे उभे राहिले, पडद्याकडे पाठ करून, तिच्याकडे बघत.

हे पत्र टाकणार नाही. तुम्ही होतात तेव्हा तरी तुमचा पत्ता आम्हाला कुठे ठाऊक होता?

तिची लेक