डावीकडे म्हणजे कुठे

रविवार, ४ फेब्रुवारी, स. ९.४०
आजपासून ग्रुपच्या पुढे मी. कोणी नेमलं असं नाही, पण पाच सायकली रस्त्यावर आल्या की एक जबाबदार माणूस लागतोच. दातांचे डॉक्टर आणि चष्म्याचे दुकानदार शेजारी शेजारी गप्पा मारत चालवतात, मागे ट्रक हॉर्न मारून दमतो. भूगोलाच्या बाई हात न दाखवता वळतात. बायकोला ग्रुपमध्ये मीच आणलं; हे सगळं तिने बघावं याची लाज वाटली. पंचवीस तारखेला धरणापर्यंत ऐंशी किलोमीटरची राइड. ती मीच नेणार. बायकोने एकदा तरी मला पुढे बघितलं पाहिजे. ऑफिसात ते आता व्हायचं नाही.

मंगळवार, ६ फेब्रुवारी
नियमावली तयार. एकोणीस कलमं. कलम सात: पुढच्याने धोका ओरडून सांगायचा, प्रत्येकाने तो मागच्याला पोचवायचा. ग्रुपवर टाकली. चष्मेवाल्यांचा अंगठा आला. बाकीचे अभ्यास करत असावेत.

गुरुवार, ८ फेब्रुवारी
अंगठा चुकून लागला होता म्हणे. पाठ धरलीय. माणसं सुधारण्याचं काम सीटपेक्षा जास्त टोचतं.

रविवार, ११ फेब्रुवारी, स. ११
डाव्या बाजूला खड्डा. मी वेळेत ओरडलो, डावीकडे. डॉक्टरांनी मागे पोचवलं, बाईंनी पोचवलं, शेवटपर्यंत निरोप शिस्तीत गेला. आणि सगळे शिस्तीत डावीकडे वळले.
डॉक्टरांचा पुढचा अर्धा दात गेला. बाकीच्यांचं खरचटण्यावर भागलं.
मराठी अगदी स्पष्ट आहे. खड्डा डावीकडे, म्हणजे तुम्ही उजवीकडे. यात न कळण्यासारखं काय? बायको म्हणाली, मग खड्डा म्हणायला काय झालं होतं. गुडघा दुखत असल्यामुळे बोलली.

बुधवार, १४ फेब्रुवारी
डॉक्टरांना भेटून आलो. दातांच्या डॉक्टरला दुसऱ्या दातांच्या डॉक्टरकडे जावं लागलं, हे त्यांना दातापेक्षा जास्त लागलंय. नियमावलीची छापील प्रत दिली. कलम सातला पोटकलम जोडलंय. त्यांनी तोंड उघडलं नाही.

रविवार, १८ फेब्रुवारी
फार थकलोय. निघण्याआधी बाईंनी विषय काढला की यापुढे माझ्या बायकोने पुढे राहावं. सगळ्यांचे हात पटापट वर. वळताना यांचा एक हात निघत नाही. मला सगळ्यात मागची जागा दिली. तिथे मुरलेला माणूसच लागतो.
ती खड्डा दिसला की नुसतं खड्डा म्हणते आणि बोट दाखवते. व्याकरणाच्या दृष्टीने हे वाक्यच नाही. आज कोणी पडलं नाही, हा योगायोग.
वाईट वाटलं का, असं तिने घरी विचारलं. नाही म्हणालो. वाटलं होतं.

रविवार, २५ फेब्रुवारी, दु. ४
धरणाची राइड. बाविसाव्या किलोमीटरला पुढून बायकोचा आवाज आला, खड्डा. डॉक्टर म्हणाले खड्डा, बाई म्हणाल्या खड्डा, चष्मेवाले म्हणाले खड्डा. कलम सात पहिल्यांदाच नीट पाळलं गेलं. ऊर भरून आला. निरोप पोचवायला मी मागे वळून खड्डा म्हणालो. मागे कोणीच नव्हतं. तेवढ्यात मी खड्ड्यात गेलो.
पुढच्यांना कळलं नाही. मागून पुढे निरोप कसा पाठवायचा, हे एकोणीस कलमांत कुठेच नाही. ते लांब जात लहान होत गेले. मी रस्त्याच्या कडेला बसून राहिलो. फोन करायची लाज वाटली.
वीस मिनिटांनी बायको एकटी परत आली. उतरलेली चेन बसवून दिली, बाकीच्यांना पुढे जायला कळवलं आणि माझ्या मागे सायकल लावली. घर येईपर्यंत ती मागेच होती. म्हणजे तसं बघितलं तर पुढे मीच होतो.
वाटेत दोन खड्डे लागले. मी काही बोललो नाही. तिने ते आपले आपण चुकवले.